पोस्टेज आणि पॅकिंगचे पैसे नक्की किती लावायचे?

पानगळ
नमस्कार मंडळी. मी जुनी पुस्तकं, वापरलेले बोर्डगेम्स आणि अधूनमधून स्वतः विणलेल्या पिशव्या ऑनलाइन विकते. धंदा म्हणावा एवढं मोठं काही नाही, पण पार्सलं नियमित जातात. प्रश्न पोस्टेजचा आहे. परवा एकाने पार्सल मिळाल्यावर लेबलचा फोटो पाठवला, छापलेल्या रकमेभोवती लाल गोल काढलेला आणि खाली "माझ्याकडून याच्या दीडपट घेतलेत, बाकीचे कुठे गेले?" आता बाकीचे खोक्यात गेले, बबलरॅपमध्ये गेले, टेपमध्ये गेले, थोडे साइटच्या कमिशनमध्ये गेले, पण हे सगळं त्याला समजावत बसायचं म्हणजे आपणच काहीतरी लपवतोय असं वाटायला लागतं. उत्तर दिलं, तो गप्प बसला, पण पटलं असेल असं नाही.

तर तुम्ही लोक हा आकडा कसा काढता? लेबलवर जेवढं तेवढंच घ्यायचं का? फ्री शिपिंग लिहून किमतीत घालायचं का? आणि आपल्या वेळेचे पैसे यात धरायचे की नाही?

तोलूनमापून
चांगला विषय. पहिली गोष्ट, वजन कशाचं करता? बरेच जण वस्तू काट्यावर ठेवतात आणि त्यावरून दर बघतात. वजन पॅक केलेल्या, टेप मारलेल्या, लेबल चिकटवलेल्या खोक्याचं करायचं. ४५० ग्रॅमचं पुस्तक पुठ्ठा आणि रॅपसकट सहज ५२० वर जातं, आणि जिथे ५०० ला स्लॅब, म्हणजे दराचा वजन-टप्पा, बदलतो तिथे त्या वरच्या २० ग्रॅमचे तुम्ही अख्ख्या पुढच्या स्लॅबचे पैसे भरता. लिस्टिंग टाकायच्या आधीच एकदा पॅक करून बघायचं, मग अंदाजपंचे प्रकार उरत नाही. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा छोट्या पार्सलांना पुरतो.

दुसरी गोष्ट आकारमान. कुरिअरवाले फक्त वजन बघत नाहीत. लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००, हे झालं किलोतलं व्हॉल्युमेट्रिक वजन. खरं वजन आणि हे, यातलं जे जास्त त्याचे पैसे. भाजक सगळीकडे ५००० च असेल असं नाही, काही ठिकाणी ४००० किंवा ६००० असतो, तो आपल्या कुरिअरच्या दरपत्रकात बघायचा. ४० × ३० × २० चा खोका घ्या, २४००० भागिले ५००० म्हणजे ४.८ किलो. आत दिव्याची शेड असेल, वजन जेमतेम ७०० ग्रॅम, पैसे जवळपास ५ किलोचे. तोच खोका वरून कापून उंची १२ वर आणलीत तर २.८८. तुमच्या विणलेल्या पिशव्यांना तर खोकाच नको, जाड प्लास्टिकचं पाकीट घ्या, हवा दाबून काढा.

निव्वळ_गिऱ्हाईक
मी विकत घेणाऱ्यांच्या बाजूने बोलतो कारण इथे सगळे विक्रेतेच जमणार असं दिसतंय 😄

मला पोस्टेज जास्त असण्याचा राग नाही. राग येतो तो वस्तू स्वस्त दाखवून पोस्टेजमध्ये वसूल करणाऱ्यांचा. सर्चमध्ये किमतीप्रमाणे लावलं की हे लोक वर येतात, आत गेल्यावर कळतं की साध्या पातळ पाकिटाचे पैसे वस्तूपेक्षा जास्त. आणि वस्तू परत करायची वेळ आली की "पोस्टेज परत मिळत नाही". म्हणजे वस्तूची किंमत नावालाच, खरे पैसे परत न मिळणाऱ्या खात्यात. पानगळताई तुम्ही तसं करत नसाल, पण ज्याने लाल गोल काढला तो अशाच कुणाकडून पोळून आला असणार.

धूळखात
+१ निव्वळ. आणि ही युक्ती चालते म्हणूनच लोक करतात. तन्जिम हुसेन आणि जॉन मॉर्गन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ईबे या लिलावाच्या साइटवर खरेखुरे लिलाव लावून हे तपासलं होतं, २००६ चा पेपर आहे. गाण्यांच्या सीड्या आणि व्हिडिओगेम. एकच वस्तू, एकूण किमान रक्कम (बोलीची सुरुवात अधिक शिपिंग) सारखीच, फक्त विभागणी वेगळी, एकात बोलीची सुरुवात वर आणि शिपिंग शून्य, दुसऱ्यात सुरुवात अगदी खाली आणि शिपिंग जास्त. दुसऱ्या प्रकाराला बहुतेक वेळा बोली लावणारेही जास्त मिळाले आणि पैसेही जास्त आले. लोक बोली लावताना शिपिंग मनात धरतच नाहीत, निदान पूर्ण धरत नाहीत. पण त्याच पेपरात असंही आहे की एकूण किमान रक्कम वस्तूच्या दुकानातल्या किमतीच्या निम्म्याच्या वर गेली की हा फायदा टिकला नाही.

साइटलाही हे परवडत नव्हतं कारण कमिशन फक्त वस्तूच्या किमतीवर होतं, मग विक्रेते किंमत खाली आणि शिपिंग वर ठेवून कमिशन चुकवायचे. २०११ मध्ये ईबेने अमेरिकेत शिपिंगसकट एकूण रकमेवर कमिशन लावायला सुरुवात केली. त्यानंतर कमिशन वाचवायला पोस्टेज फुगवण्यात अर्थ उरला नाही. पण झालं काय, सरळ वागणाऱ्यालाही आता पोस्टेजवर कमिशन भरावं लागतं, आणि लेबलवरचा आकडा बघणाऱ्या गिऱ्हाइकाला ते दिसत नाही.

पानगळ
हेच! हेच मला सांगायचं होतं त्याला.

@तोलूनमापून, व्हॉल्युमेट्रिकचं मला माहीत होतं पण उंची कापायचं डोक्यात आलं नव्हतं. बोर्डगेमचे खोके चपटे असतात, मी तयार मिळतात ते उंच खोके वापरून वर कागद कोंबते. आता कोपरे चिरून दुमडून बघते.

खोकेवाला
कोपरे चिरताना चारी बाजूंना एकाच रेषेवर आधी सुरीच्या बोथट बाजूने दाबून घ्या, मग घडी सरळ बसते. मी पॅकिंगच्या कामातच बरीच वर्षं आहे म्हणून थोडं लांबड लावतो.

पॅकिंगचा खर्च लोक फार कमी धरतात. खोका धरतात, बाकी फुकट समजतात. प्रत्यक्षात खोका, आतलं भरण, रॅप, टेप, लेबलचा कागद, प्रिंटरची शाई, आणि नाजूक वस्तू असेल तर दुसरा खोका. प्रत्येक पार्सलला किती सेंटीमीटर टेप लागली हे मोजायच्या भानगडीत पडू नका, वेड लागेल. महिन्याभराची सामानाची बिलं एकत्र करा, पाठवलेल्या पार्सलांनी भागा, आलं उत्तर. फार तर दोन गट करा, पाकिटातली आणि खोक्यातली. काच आणि चिनीमातीचा गट वेगळा, कारण तिथे वस्तूच्या सगळ्या बाजूंनी निदान ५ सेंटीमीटर तरी मऊ भरण हवं, आणि खोक्यात खोका घालायचा तर बाहेरचा खोका प्रत्येक बाजूने आणखी तेवढाच वाढतो. म्हणजे वर तोलूनमापूनने सांगितलेलं आकारमान परत फुगलं. नाजूक वस्तूचं पोस्टेज महाग का, याचं उत्तर बरेचदा वजनात नसतं, त्या रिकाम्या जागेत असतं.

आणि खोका हलवून बघा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पॅकिंग झालेलं नाही. ३ प्लायच्या, म्हणजे तीन थरांच्या, खोक्यात हलक्या वस्तू, पुस्तकांचा गठ्ठा असेल तर ५ प्लाय. पुस्तकं जड असतात आणि कोपऱ्यावर पडतात, हमखास.

चष्मिष्ट
मी सगळे खोके परत वापरते, घरात आलेलेच. मग मी पॅकिंगचे पैसे घेऊ का? फुकट आलेल्या खोक्याचे पैसे लावायला कसंतरीच वाटतं.

खोकेवाला
नवा खोका विकत घेतल्यासारखे पैसे घेऊ नका, एवढंच. टेप आणि भरण लागतंच ना. जुना खोका एकदा मार खाल्लेला असतो, त्याच्या कडा मऊ पडलेल्या असतात, त्यामुळे टेप जास्त लागते. जुनी लेबलं आणि बारकोड मात्र खरवडून काढा किंवा झाका, मशीनने जुना बारकोड वाचला की पार्सल भलतीकडे.

निव्वळ_गिऱ्हाईक
जुन्या खोक्याबद्दल तक्रार नाही, उलट बरं वाटतं. पण "हँडलिंग" नावाने तुमच्या वेळेचे पैसे वेगळे लावू नका हो. मी दुकानात गेलो तर वस्तू पिशवीत भरल्याबद्दल दुकानदार वेगळे पैसे मागत नाही.

तोलूनमापून
दुकानात तुम्ही स्वतः जाता, इथे दुकान तुमच्या दारात येतं 😀

चेष्टा सोडा. माझं मत, वेळ धरायचाच, पण वस्तूच्या किमतीत. फोटो काढणं, वर्णन लिहिणं, मेसेजना उत्तरं देणं, पॅक करणं, नेऊन देणं हे सगळं विकण्याचं काम आहे. पोस्टेजच्या रकान्यात फक्त जे बाहेर कुणाला तरी द्यावं लागलं ते. कुणी विचारलं तर बिल दाखवता आलं पाहिजे.

रात्रपाळी
इथे मी असहमत. हाताने विणलेली पिशवी असेल तर ठीक, किंमत तुम्ही ठरवता. पण जुनं पुस्तक, ज्याची किंमत बाजारच ठरवतो, तिथे किमतीत वेळ घालायला जागाच नसते. पाव किलोची कादंबरी आणि काचेचा झुंबर पॅक करायला लागणारा वेळ सारखा नाही, आणि हा फरक पॅकिंगचाच आहे, विकण्याचा नाही. ज्या कामाला वेळ जास्त लागतो तिथे थोडे जास्त घेतले तर मला त्यात अन्याय दिसत नाही, फक्त ते वस्तू घेण्याआधी स्पष्ट दिसलं पाहिजे. शेवटी गिऱ्हाईक एकूण रकमेवरच ठरवतं.

निव्वळ_गिऱ्हाईक
एकूण रकमेवर ठरवतं असं तुम्ही म्हणता, आणि वर धूळखातने दिलेला पेपर नेमकं उलट सांगतोय.

रात्रपाळी
हं. तो मुद्दा मान्य. मग एकूण रक्कम वर्णनाच्या पहिल्या ओळीत लिहू, भांडण मिटलं.

पानगळ
फ्री शिपिंगबद्दल कुणी बोललंच नाही. साइट सारखी सुचवत असते की फ्री शिपिंग लावा, लिस्टिंग वर दिसेल.

धूळखात
फुकट काही नसतं, पैसे किमतीत जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न एवढाच की कुणाचे पैसे कोण भरतं. एका वस्तूच्या किमतीत तुम्ही सरासरी पोस्टेज घातलंत तर शेजारच्या गल्लीतलं गिऱ्हाईक देशाच्या दुसऱ्या टोकाच्या गिऱ्हाइकाचे थोडे पैसे भरतं. आणि एकाच वेळी तीन पुस्तकं घेणारा तर तीन वेळा पोस्टेज भरतो, पार्सल एकच असूनही. सगळ्यात जास्त माल घेणाऱ्यालाच दंड.

आता अंतराबद्दल एक अवांतर, पण विषयाला धरून. टपालाचा दर पूर्वी अंतरावर आणि पानांच्या संख्येवर असायचा. ब्रिटनमध्ये रोलंड हिल या टपाल सुधारकाने १८३७ मध्ये हिशोब मांडला की लंडनहून एडिंबरोला पत्र नेण्याचा निव्वळ वाहतूक खर्च पत्रामागे पेनीच्या छत्तिसाव्या भागाएवढा पडतो, खरा खर्च दोन्ही टोकांच्या कामाचा, म्हणजे पत्र घेणं, नोंदणं, पैसे वसूल करणं, पोचवणं. म्हणून १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंत देशात कुठेही एक पेनी. तेव्हा हलक्या वस्तूला सगळीकडे एकच दर लावणं हा अन्याय नाही, खर्चच तसा असतो. जड पार्सलाला मात्र गाडीतली जागा आणि इंधन लागतं, तिथे अंतर खरोखर मोजलं जातं, म्हणून झोन, म्हणजे अंतराप्रमाणे दराचे गट.

त्यामुळे मी असं करतो: पाकिटात मावणाऱ्या हलक्या वस्तूंना फ्री शिपिंग, २ किलोच्या वर पिनकोडप्रमाणे प्रत्यक्ष दर. मधल्यांना एकच ठरावीक सरासरी.

तोलूनमापून
हिलचा मुद्दा एकत्र पार्सलालाही लागू होतो बघा. बहुतेक दरपत्रकात पहिला स्लॅब महाग असतो आणि पुढचे स्वस्त, कारण उचलणं, स्कॅन करणं, दारात नेऊन देणं हे एकदाच होतं. ४०० ग्रॅमची तीन पुस्तकं वेगवेगळी पाठवली तर तीन वेळा महागडा पहिला स्लॅब. एकत्र बांधली तर पॅकिंगसकट साधारण १३०० ग्रॅम, एक पहिला स्लॅब आणि दोन पुढचे. हा फरक गिऱ्हाइकाचा आहे, आपला नाही. साइटवर "प्रत्येक जादा वस्तूला इतके" अशी सोय असते ती भरून ठेवायची, नाहीतर लोक तीन वेळा पोस्टेज बघून कार्ट सोडून जातात आणि आपल्याला कळतही नाही.

चष्मिष्ट
कमिशनचं गणित कुणीतरी नीट सांगा. १० टक्के असेल तर पोस्टेजवर १० टक्के चढवायचे ना?

धूळखात
नाही, तिथे थोडी गंमत आहे. समजा कुरिअरला १०० द्यायचेत. तुम्ही ११० घेतलेत तर साइट ११० चे १० टक्के कापते, म्हणजे ११, हातात ९९. एक कमी. भागाकार करायचा, १०० भागिले ०.९ म्हणजे १११ आणि वर थोडे. ऑनलाइन पेमेंटवालाही एकूण रकमेवर टक्केवारी घेत असेल तर दोन्ही टक्के आधी एकत्र करा आणि मग भागा.

हे पोस्टेजमध्ये दाखवायचं की वस्तूच्या किमतीत ढकलायचं ही आपापली आवड. मी किमतीत ढकलतो, कारण लाल गोलवाले.

कावराबावरा
आणि इन्शुरन्स? माझ्याकडे चिनीमातीच्या वस्तू असतात. कधी फुटतात. गिऱ्हाईक म्हणतं पैसे परत द्या, कुरिअर म्हणतो पॅकिंग नीट नव्हतं. सगळ्यांकडून इन्शुरन्सचे पैसे घ्यावेत का?

खोकेवाला
स्वस्त वस्तूंना विमा घेत बसू नका. पन्नासातली एक वस्तू फुटते असा तुमचा अनुभव असेल तर किमतीत २ टक्के धरा, तोच तुमचा विमा. पण परत पाठवायचं भाडं आणि गिऱ्हाइकाची नाराजी त्यात बसत नाही, म्हणून थोडे वरच धरा. महाग वस्तूला मात्र घोषित किमतीचा विमा घ्या आणि त्याचे पैसे पोस्टेजमध्ये स्वतंत्र ओळ करून दाखवा. "विमा नको, माझ्या जबाबदारीवर पाठवा" असा पर्याय गिऱ्हाइकाला देऊ नका, फुटल्यावर ती जबाबदारी कुणीही घेत नाही. आणि पॅकिंग करतानाचे दोन फोटो काढून ठेवा, आतलं भरण दिसेल असे. दावा करताना पहिला प्रश्न तोच येतो.

रात्रपाळी
परतीबद्दल पण लिहून ठेवा. वस्तू चुकीची किंवा खराब गेली असेल तर दोन्ही बाजूंचं पोस्टेज आपलं, यात वाद नको. गिऱ्हाइकाला नुसती नको झाली असेल तर काय, ते आपल्याकडचा कायदा आणि साइटचा नियम बघून आधीच लिहायचं. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते आणि तेव्हा जातानाचं साधं पोस्टेजही परत द्यावं लागतं, एक्स्प्रेससाठी घेतलेले वरचे सोडून. म्हणजे तिकडे पोस्टेजमध्ये नफा लपवला तरी परतीच्या वेळी तो निघून जातो. निव्वळ, तुम्हाला आवडेल हे.

निव्वळ_गिऱ्हाईक
फारच आवडलं.

कावराबावरा
परदेशी पाठवणारे कुणी आहेत का इथे?

तोलूनमापून
मी पाठवतो, पण फक्त छोटी पाकिटं. टपालाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत छोट्या पाकिटाची मर्यादा २ किलो आहे, त्याच्या आत राहिलं तर बरं पडतं, वर गेलं की पार्सल, आणि दर एकदम उडी मारतो. कस्टम्सचा फॉर्म भरताना खरी किंमत लिहा. "गिफ्ट लिहा ना" असं गिऱ्हाईक गळ घालतं, नाही म्हणायचं. पार्सल हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीवर मिळते, आणि खोटं लिहिलेलं सापडलं तर नाव आपलं असतं. तिकडचा आयात कर गिऱ्हाइकाने भरायचा की आपण, हे लिस्टिंगमध्ये ठळक लिहा. नाहीतर तो कर बघून पार्सल नाकारतात आणि ते परत यायचे पैसे आपल्या माथी. लिथियम बॅटरीवाली वस्तू असेल तर आधी नियम वाचा, ती सरसकट जात नाही.

पानगळ
सगळ्यांचे आभार, माझा बराचसा गोंधळ मिटला. आता असं ठरवतेय: पिशव्यांना फ्री शिपिंग, पाकिटात घालून. पुस्तकांना एक ठरावीक दर आणि प्रत्येक जादा पुस्तकाला थोडे. बोर्डगेमला पिनकोडप्रमाणे. पॅकिंगच्या सामानाची सरासरी पोस्टेजमध्ये, कमिशन आणि माझा वेळ किमतीत. आणि दर तीन महिन्यांनी जमा झालेलं पोस्टेज आणि भरलेलं पोस्टेज शेजारी ठेवून बघायचं, उरत असेल तर दर उतरवायचा.

लिस्टिंगमध्ये ही ओळ टाकू का? "पोस्टेज व पॅकिंगच्या रकमेत कुरिअरचं भाडं आणि खोका, रॅप, टेप यांचा खर्च धरलेला आहे, त्यामुळे लेबलवरची रक्कम यापेक्षा कमी दिसेल. एकापेक्षा जास्त वस्तू घेतल्यास एकाच पार्सलाचं पोस्टेज घेतलं जाईल. प्रत्यक्ष खर्चात मोठा फरक पडल्यास जादा रक्कम परत केली जाईल."

निव्वळ_गिऱ्हाईक
चांगली आहे. पण "मोठा फरक" म्हणजे किती ते आकड्यात लिहा. माझ्या मते मोठा आणि तुमच्या मते मोठा यावरूनच पुढचा लाल गोल येईल.

खोकेवाला
आणि "एकाच पार्सलाचं" च्या आधी "एकत्र मावत असल्यास" घाला. कुणीतरी सहा बोर्डगेम घेणार आणि एका पार्सलाचे पैसे देणार.

पानगळ
घातलं दोन्ही. फरक पोस्टेजच्या १५ टक्क्यांच्या वर गेला तर परत, असं लिहिलंय.